रांगोळी खाल्लेलं यंत्र

टाय लावलेला विक्रेता आमच्या दारात आला तो रविवारी दुपारी. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. त्या वर्षांत आमच्या कळंबोलीच्या वसाहतीत असे तरुण बरेच फिरत, हातात चकचकीत यंत्र आणि तोंडात पाठ केलेलं भाषण. आम्ही नको म्हणायच्या आत याने बूट काढले, यंत्राच्या नळीच्या तोंडाशी पांढरं फडकं लावलं, आमच्या गादीवरून ते दोनदा फिरवलं आणि फडकं माझ्या बायकोसमोर धरलं. त्यावर रुपयाएवढा काळपट लाल गोल उमटला होता.

"मॅडम, यावर तुम्ही रोज झोपता."

हिचा चेहरा पडला. ही साताऱ्याकडची, दर शनिवारी गादी उन्हात टाकणारी. पण कळंबोलीत धुळीपुढे कुणाचं चालत नसे. लोखंड बाजारातून ट्रक निघाले की गंजाची लाल धूळ उडे आणि खिडक्या लावल्या तरी घरात येई. वर मी त्याच बाजारात वजनकाट्यावर कारकून. मी ती धूळ अंगावरच घेऊन येत असे.

"आमच्याकडे आहे एक," मी म्हणालो.

"काय आहे?" हिने विचारलं.

"हेच. धूळ ओढायचं यंत्र. माळ्यावर."

विक्रेता हसला. "कुठल्या कंपनीचं, सर?"

"आगबोटीवरचं."

तो बिचारा आणखी पाच मिनिटं थांबला आणि गेला. हिने दार लावलं, पदर खोचला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"अठरा वर्षं झाली लग्नाला. दर दिवाळीला तो माळा मी झाडते. त्या पेटीत तुमच्या बाबांचे कागद आहेत असं सांगितलं होतंत."

"कागदही आहेत."

"आणखी काय काय आहे ते आताच सांगा, म्हणजे चहा एकदाच टाकते."

मी काही सांगितलं नाही. मी तसा कमी बोलणारा म्हणूनच ओळखला जातो, आणि त्याचा मला आयुष्यभर उपयोग झाला आहे. न बोलणाऱ्याला लोक शहाणा समजतात. माझ्या बाबतीत ते खरं नव्हतं, एवढं आज लिहून टाकतो. मी एका गोष्टीपुरता गप्प बसलो आणि मग ती सवयच झाली.

ती गोष्ट अशी. हे यंत्र मी बारा वर्षांचा असताना बिघडवलं, आणि त्याचा बोल माझ्या मोठ्या बहिणीवर आला. मी पुढे चौतीस वर्षं काही बोललो नाही.

आम्ही मूळचे मोऱ्याचे, उरणच्या धक्क्याजवळचे. बाबा किनाऱ्याने जाणाऱ्या एका आगबोटीवर सलूनमध्ये कामाला होते. पहिल्या वर्गाच्या उतारूंचा तो दिवाणखाना, आणि त्यात गालिचा. तो साफ करायला हे यंत्र होतं. लांबट नळकांडं, करड्या रेक्झिनने मढवलेलं, दोन्ही टोकांना चांदीसारखी चमकणारी झाकणं, खाली घसरगाडीसारख्या दोन पट्ट्या. बोट मोडीत निघाली तेव्हा कप्तानाने ते बाबांना दिलं. बाबा ते खांद्यावर घेऊन मोऱ्याच्या धक्क्यावर उतरले तेव्हा अर्धं गाव मागे होतं. बोटीवर त्याला ज्या इंग्रजी शब्दाने ओळखत तोच घरी रुळला. आम्ही त्याला 'सकशन' म्हणायचो.

आमच्या घरात गालिचा नव्हता. शेणाने सारवलेली जमीन होती. त्यावर ते चालवलं असतं तर जमीनच ओढली गेली असती. म्हणून बाबांनी ते कापडात गुंडाळून मोठ्या पेटीत ठेवलं. वर्षातून एकदा, दसऱ्याला, ते बाहेर निघे. कोयता, वल्हं, बाबांचा हातोडा, त्यांच्या ओळीत सकशन बसे. त्याला हळद-कुंकू लागे, झेंडूचं फूल वाहिलं जाई, आणि पूजा झाल्यावर बाबा घरातल्या एकुलत्या एका प्लगमध्ये वायर घालून ते मिनिटभर चालवत. आवाज ऐकायला शेजारी येऊन बसत. मग बाबा म्हणत, "हे माझ्या पोरीला. लग्नात देनार. कुठंतरी गालिच्याच्या घरी जाईल."

आई तेव्हा नव्हती. मी दहा वर्षांचा असताना ती गेली आणि ताईने घर हातात घेतलं. तिच्या कमरेला पेटीची किल्ली असे. बाबा दुसऱ्या बोटीवर लागले होते, महिना महिना यायचे नाहीत.

आई गेल्यावर एक वर्ष आमच्या दारात रांगोळी पडली नाही. दुसऱ्या दिवाळीला ताईने ती काढली. मोठं कमळ, गुलाबी पाकळ्या, हिरवी पानं, कडेला पांढरी वेल. आळीतल्या बायका बघून गेल्या. बाबा बोटीवर होते. ताई माझ्या मागून आंघोळीला गेली आणि जाताना तिने किल्ली खुंटीला अडकवली.

माझ्या मनात द्वेष नव्हता, हे मला सांगावंसं वाटतं, जरी त्याने काही बदलत नाही. मला फक्त बघायचं होतं की सकशन एक पाकळी उचलेल आणि शेजारची तशीच ठेवेल का. मी पेटी उघडली, यंत्र पडवीत आणलं, वायर लावली. आळीत फटाके वाजत होते, त्यात सकशनचा आवाज कुणाला कळला नाही. बाबा आतली कापडी पिशवी धुऊन, डांबराच्या गोळ्या घालून वेगळी ठेवत. ती पिशवी आत लागते, धूळ तिच्यात अडकते, हे मला माहीत नव्हतं. नळी मी पाकळीवर धरली. गुलाबी रंग सर्रकन आत गेला. इतकं सुंदर दृश्य मी तोवर पाहिलं नव्हतं. मी दुसरी पाकळी घेतली, मग एक पान, मग वेलीचा तुकडा. आवाज बारीक होत गेला, मग किंचाळल्यासारखा झाला आणि थांबला.

मी सगळं पुसून परत ठेवलं. ताई बाहेर आली, रांगोळी बघितली आणि शेजारच्यांच्या कोंबड्यांना शिव्या घातल्या. कोंबड्या खरंच अंगणात होत्या.

पुढच्या दसऱ्याला बाबांनी पूजा केली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग ते मागे न बघता म्हणाले, "किल्ली कोनाकडं व्हती?"

"माझ्याकडं," ताई म्हणाली. "पन मी हात नाय लावला, बाबा."

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर कदाचित मी बोललो असतो. त्यांनी नुसता हात पुढे केला. ताईने कमरेची किल्ली काढून दिली आणि त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. मी आपट्याची पानं धरून उभा होतो. पानं आणि किल्ली एकाच मुठीत आली.

त्या पेटीत आईची नथही होती. पुढे सहा-सात महिन्यांत ताईचं लग्न ठरलं, तोवर कुठल्या हळदीला जायचं झालं की तिला मला म्हणावं लागे, "किल्ली दे रं जरा." घर सांभाळणारी ती, आणि विचारायचं बारा-तेरा वर्षांच्या मला. लग्नात तिला सकशन दिलं नाही. जळलेलं यंत्र कोण देणार.

याहून वाईट ते पुढे. तिच्या सासरी पहिला मिक्सर आला तेव्हा मी विशीत होतो, नोकरीला नुकता लागलेला, बोलायची हौस असलेला. सगळ्यांसमोर म्हणालो, "ताईच्या हातात देऊ नका. तिच्या हाताला यंत्र टिकत नाही." सगळे हसले. तीही हसली. ती थट्टा त्या घरात कायमची राहिली. दाजी करत, मुलं करत, सुना आल्यावर सुना करू लागल्या. आणि ताईने मिक्सरला कधीच हात लावला नाही. वाटण पाट्यावर. टीव्ही लावायचा तर कुणाला तरी हाक. पंख्याचं बटणसुद्धा ती पदराने दाबायची, हे मी स्वतः पाहिलं आहे. तिला तसं खरंच वाटू लागलं होतं. थट्टा पहिल्यांदा मी केली, आणि मला खरं काय ते ठाऊक असताना केली.

तर त्या रविवारी मी पेटी खाली काढली. किल्ली माझ्या जुडग्यातच होती.

सकशनची दशा वाईट होती, पण मला वाटलं होतं तितकी नाही. झाकणांवर तपकिरी पुटं, रेक्झिनला बुरशी, वायरीवरचं कापड हात लावताच पावडर होणारं, रबरी वायसर गुळासारखा चिकट झालेला. झाकणाच्या कडेला हळद-कुंकवाचा एक वाळलेला ठिपका होता. मी सगळे स्क्रू रॉकेलमध्ये दोन दिवस भिजत ठेवले. मग रोज कामावरून आल्यावर चहा झाला की ओसरीत चटई टाकून बसायचो. दसरा महिनाभरावर होता. मी कशासाठी घाई करतो आहे हे मला स्वतःलाच नीट कळत नव्हतं.

खरं सांगायचं तर ते दिवस फार सुखाचे गेले. वजनकाट्यावर दिवसभर आकडे ओरडून घसा बसायचा. घरी मात्र हातात पाना, समोर बशीत स्क्रू, आणि एकेक स्क्रू घासला की खालून पिवळा रंग वर येतो. झाकणावरचा गंज घालवायची युक्ती बाबांची. सिगारेटच्या पाकिटातली चांदी चुरगळून पाण्यात बुडवायची आणि तिने घासायचं. चांदी काळी होते, झाकण उजळतं. मी सिगारेट ओढत नाही, म्हणून ट्रकवाल्यांकडून रिकामी पाकिटं गोळा करायचो. ते समजले मला काही तरी छंद लागला. शेवटचा हात पांढऱ्या दंतमंजनाचा, जुन्या मऊ बनियनने, गोल गोल. रेक्झिनवरची बुरशी हिने व्हिनेगरच्या बोळ्याने काढली आणि वर मेणाचा हात दिला. वायर नवी घातली, वायसर सायकलच्या ट्यूबचा कापला. पिशवी बाबांची होती तीच, पण तिला उंदराने खाल्लं होतं. हिने तिच्यावरून मापं घेऊन मांजरपाटाची नवी शिवली, दुहेरी शिवणीची.

"एवढी मेहनत माझ्या गादीसाठी?" ही विचारायची.

"हं."

"खोटं बोलायची सवय नाही तुम्हाला. दिसतं."

मागचं झाकण मी शेवटी उघडलं. मुद्दामच शेवटी. चिमटीने जाळी उचलली आणि आत बघितलं. ती तिथेच होती. कोपऱ्यात थर होऊन बसलेली, गुलाबी, हिरवट, पांढरी.

ही माझ्या खांद्यावरून वाकली. बोटाने थोडी उचलली, चिमटीत चोळली. "ही रांगोळी आहे."

मी बनियन हातात घेऊन बसलो.

"बोटीवर रांगोळी कोण काढणार," ती म्हणाली. "घरी गेली आत. कुणी घातली?"

"मी."

"आणि नाव कुणाचं झालं?"

मी जाळी घासू लागलो. अठरा वर्षांत तिला माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावता येऊ लागला होता. ती म्हणाली, "म्हणून ताईंची भाऊबीजेची साडी दरवर्षी माझ्या पाडव्याच्या साडीपेक्षा भारी."

मग मी तिला सगळं सांगितलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि बोलताना मी जाळीच साफ करत होतो. तिने ऐकून घेतलं. झाल्यावर उठली, आत गेली आणि कुंकवाची रिकामी डबी घेऊन आली.

"ती रांगोळी यात काढा. फेकू नका."

मोटर मात्र माझ्या आवाक्यातली नव्हती. ट्रक उभे राहतात तिथे पत्र्याच्या शेडमध्ये एक चाचा ट्रकचे सेल्फ आणि डायनॅमो दुरुस्त करत. उरणच्याच बाजूचे, मुसलमान, आमच्यासारखंच बोलणारे. वय सत्तरीला आलेलं. मी मोटर त्यांच्या समोर ठेवली आणि म्हणालो, "जळलीय. गुंडाळी नवीन करावी लागेल."

चाचांनी ती नाकाशी नेली, हुंगली. "जललेली मोटर वासानं कलते. हिला वास नाय."

त्यांनी गुंडाळी शाबूत आहे का बघायला बल्बची वायर तिच्या दोन टोकांना लावली. बल्ब पेटला. मग त्यांनी बाजूच्या दोन टोप्या फिरवून काढल्या. त्यांत कोळशाच्या कांड्या असतात, त्या आतल्या तांब्याला टेकून वीज देतात. एक कांडी निघेना. चाचांनी ती सुईने हलवून सोडवली तशी मागून पांढरी पूड सांडली.

"ही मेलेली नाय रं," ते म्हणाले. "कांडी अडकलीय. चुना खाल्लाय काय हिनं?"

"रांगोळी."

"मग गला धरला. एवढंच." त्यांनी दुसरी कांडी पुसली. "अर्ध्या तासाचं काम व्हतं. तवा कोनाला दाखवली नाय?"

"सांगितलंच नाही कोणी, काय झालं ते."

"हां. मग कसं कलनार," चाचा म्हणाले आणि हवेचा पाइप शोधू लागले.

मी त्यांना थांबवलं, कागद पसरला आणि पूड आधी त्यावर झटकून घेतली. चाचा बघत राहिले. मी मात्र तिथे लोखंडी स्टुलावर बसून तो अर्धा तास मोजत होतो. त्या दसऱ्याला मी एक वाक्य बोललो असतो तर बाबांनी मोटर उघडली असती. ते हाताचे कुशल होते. दुपारच्या जेवणाआधी सकशन चालू झालं असतं, मला दोन चापट्या बसल्या असत्या, आणि ताई वैशाखात ते घेऊन सासरी गेली असती. मी इतकी वर्षं समजत होतो की मी एक यंत्र मारलं. यंत्राला काहीच झालं नव्हतं.

दसऱ्याला ते ओसरीत पाटावर बसलं. मी हळदीकुंकवाचा जुना ठिपका पुसला नव्हता, त्याच्या शेजारी हिने नवा लावला. बटण दाबलं. आधी घरघर, मग आवाज चढत गेला, थेट बाबांच्या बोटीसारखा, आणि गरम रबराचा, डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरला. शेजारचे दोघे डोकावून गेले. हिने गादीवर नळी फिरवली, तोंडाशी फडकं लावून बघितलं आणि माझ्यासमोर धरलं. लाल गोल.

"हेही तेच सांगतंय," ती म्हणाली. मग बटण बंद केलं. "चांगलं झालंय. आता भाऊबीजेला नेऊन द्या. आणि नुसतं देऊन येऊ नका. सांगून या."

भाऊबीजेला पनवेलहून उरणची एसटी धरली. सकशन चादरीत गुंडाळून मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "तबला काय?" मी हो म्हणालो. एवढं एक खोटं त्या दिवशी चालून जाईल असं वाटलं. शेजारच्या सीटवर बायको पिशवी सांभाळत बसली होती. ती हसली नाही, पण खिडकीकडे तोंड केलं.

ताईचं घर धक्क्यापासून आत, विटांचं, पुढे पत्र्याची पडवी. दारात रांगोळी होती, आता सून काढते. पडवीत दाजी बसले होते. चादरीत काय आहे ते बघून म्हणाले, "अरे, हे तुज्या बाबांचं जुनं सकशन? कशाला आनलंस? तुज्या बहिनीनं हात लावला तर पुन्हा जाईल."

आतून सुना हसल्या. ताईही हसली, ओवाळणीचं ताट लावता लावता. मीही नेहमीसारखा हसणार होतो. तोंड तसं होऊ लागलंही होतं.

ताईने मला पाटावर बसवलं, ओवाळलं आणि ताट पुढे केलं. मी त्यात कुंकवाची डबी ठेवली आणि तिच्या शेजारी पेटीची किल्ली.

"ह्या वर्षी साडी नाय?" ती म्हणाली. "का वयनीनं डोळं वटारलं?"

"उघड ना."

तिने डबी उघडली. बोट घातलं, चोळलं. "रांगोली? काय रं, एवढ्या लांबून रांगोली आनलीस?"

तिच्याशी बोलताना मी आपोआप जुन्या बोलीत जातो. "तुजीच हाय. कमल काढलं व्हतंस ना आई गेल्यावर, दुसऱ्या दिवालीला. ती."

ताट तिच्या हातात तसंच होतं. निरांजन पेटलेलं.

मी सांगितलं. खुंटी, किल्ली, पाकळी, पिशवी. दसरा. आपट्याची पानं. मिक्सरची थट्टा कोणी सुरू केली तेही. दाजी पडवीतून आत आले. सुना दारात उभ्या राहिल्या. चाचांनी काय म्हटलं तेही सांगितलं, की मोटर जळलेलीच नव्हती.

ताईने ताट खाली ठेवलं. डबी उचलून हातात घेतली.

"म्हंजे कोंबड्या नव्हत्या," ती म्हणाली.

"नाय."

"मी त्या कोंबड्यांना काय काय बोलले."

तिने वर बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत मला जे बघायचं नव्हतं तेच होतं.

"बारा वरसांचा व्हतास, ते सोड. पोरं करतात. पन मग तू वीस वरसांचा झालास. तीस झालास. चाळीस झालास. बाबांच्या शेवटच्या दुखन्यात तू आन मी दोघं बाजूला बसलेलो. तवा पन नाय बोललास. बाबा माज्याकडं बघत गेले, आन त्यांना वाटत व्हतं मी खोटं बोलले."

मी तसाच पाटावर बसून राहिलो. माझ्या बायकोने माझी बाजू घेतली नाही, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

ताईने किल्ली उचलली. ती कमरेला खोचली, जशी तेव्हा खोचायची, बोटाने आत ढकलून. मग सकशनपाशी गेली, चादर काढली. झाकणावर हात फिरवला. "घासलंस कशानं?"

"सिगरेटच्या चांदीनं."

"बाबांसारखं." मग वाकून, "बटन कुठलं?"

मी वायर प्लगमध्ये घातली आणि दाखवलं. तिने पदर हातात घेतला, आणि मग सोडून दिला. उघड्या बोटाने दाबलं. सकशन घुमू लागलं. ती दचकली नाही. पडवीतल्या दाजींच्या खुर्चीची गादी तिने स्वतः साफ केली, चारी कोपरे, सावकाश. दाजी बाजूला उभे राहून बघत होते आणि त्यांना कुठे हात ठेवावा कळत नव्हतं.

"रांगोलीवर नेऊ नको," मी म्हणालो.

"आता तू शिकवनार मला?" ती म्हणाली.

बटण बंद करून ती धाकट्या सुनेकडे वळली. "सर गं. आज मटनाचं वाटन मी करते. मिक्सरमंदी."

सून माझ्याकडे बघू लागली, जणू परवानगी माझी हवी होती. मग बाजूला झाली. आम्ही बाहेर बसलो. आतून डब्याची खडखड ऐकू आली, खोबरं पडल्याचा आवाज, मग बटण. एकदम मोठी घरघर, आणि तिच्या मागोमाग काहीतरी भिंतीवर सपासप उडाल्याचा आवाज. घरघर थांबली.

दाजींनी तोंड उघडलं होतं ते त्यांनी मिटून घेतलं.

मी दारापर्यंत गेलो. भिंतीवर, खिडकीवर, ताईच्या केसांत ओलं खोबरं होतं. ती मिक्सरकडे बघत उभी होती, एक हात बटणावर तसाच. मग तिने ओट्यावरचं झाकण उचलून मला दाखवलं.

"झाकन लावलं नाय," ती म्हणाली. "यंत्राला काय झालं नाय. बघ." आणि झाकण लावून तिने बटण पुन्हा दाबलं.